मोटर किती अँपिअरची?

विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम आला की प्लास्टिकच्या टबात फिरणारी एखादी तरी होडी दिसतेच. पूर्वी ती तारेने बांधलेली आणि दोन पेन्सिल सेलवर चालणारी असे. आता रेडिओ-नियंत्रणाचे संच पुष्कळ स्वस्त झाले आहेत. त्यामुळे आठवी-नववीतली मुलेसुद्धा हातात नियंत्रक घेऊन तळ्याच्या मध्यापर्यंत होडी नेतात आणि परत आणतात. ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र या होड्यांपैकी बऱ्याच होड्या पहिल्या आठवड्यातच धूर काढतात. कोणाची मोटर जळते, कोणाचा वेगनियंत्रक जातो, कोणाच्या तारेवरचे प्लास्टिक वितळते. मग दुकानात जाऊन मुले विचारतात, "यापेक्षा जास्त अँपिअरची मोटर आहे का?" दुकानदारही एखादा आकडा सांगून मोकळा होतो.

माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. मोटर अमुक अँपिअरची नसते. ती किती प्रवाह ओढील हे ठरवण्यात तिच्यापेक्षा तिच्या दांड्यावर बसवलेल्या पंख्याचा वाटा मोठा असतो. आणि हा प्रवाह मोजल्याशिवाय कोणतीही होडी प्रदर्शनात मांडू देऊ नये, असे मला आग्रहाने वाटते. त्याचे कारण समजण्यासाठी थोडी आकडेमोड करावी लागेल. ती ओहमच्या नियमाच्या पलीकडची नाही, तेव्हा वही-पेन्सिल जवळ घ्या.

रेडिओ-नियंत्रित गाड्या आणि होड्या यांत '५४०' या आकाराची मोटर वर्षानुवर्षे वापरात आहे. सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाचे आणि ५० मिलिमीटर लांबीचे ते पत्र्याचे नळकांडे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. अशा मोटरीच्या गुंडाळीचा रोध अगदी थोडा असतो. आपल्या उदाहरणासाठी तो ०.१ ओहम धरू. बॅटरी ७.२ व्होल्टची घेऊ. बॅटरीचा व तारांचा रोध सोयीसाठी सोडून देऊ. आता ओहमचा नियम लावा. ७.२ भागिले ०.१, म्हणजे ७२ अँपिअर! घरातल्या गिझरच्या तारेतून १० अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. मग या चिमुकल्या मोटरीतून ७२ अँपिअर जातील काय?

प्रत्यक्षात ती मोटर टेबलावर मोकळी फिरवून पाहिली, तर जेमतेम दोन अँपिअर घेते. म्हणजे ओहमचा नियम खोटा ठरला का? नाही. आपण हिशेबातली एक गोष्ट विसरलो. चुंबकाच्या क्षेत्रात फिरणारी गुंडाळी हे जनित्रच असते. तुमच्या सायकलचा डायनॅमो ज्या तत्त्वावर वीज निर्माण करतो, त्याच तत्त्वावर फिरणारी मोटरसुद्धा स्वतःच्या आत विद्युतदाब निर्माण करत असते आणि तो बॅटरीच्या दाबाला विरोध करतो. १८३४ साली प्रसिद्ध झालेल्या लेंट्झच्या नियमाप्रमाणे तो विरोधच करणार. याला आपण उलट दाब म्हणू. बॅटरीच्या दाबातून हा उलट दाब वजा केल्यावर जे उरते, तेवढेच गुंडाळीतून प्रवाह ढकलायला मिळते. मोकळ्या फिरणाऱ्या मोटरीत उलट दाब ७.० व्होल्टपर्यंत चढतो. उरतात ०.२ व्होल्ट. त्यांना ०.१ ओहमने भागा, दोन अँपिअर येतील. ओहमचा नियम अगदी शाबूत आहे.

शाळेच्या पाठात मोटर का फिरते हे येते. डाव्या हाताचा नियम, चुंबक, ब्रश हे सारे येते. ती किती प्रवाह ओढते हे सहसा येत नाही. मला हे मोठे उणे वाटते. कारण दिव्यातील प्रवाह आणि मोटरीतील प्रवाह यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिवा बॅटरीला जोडला की एका क्षणात त्याचा प्रवाह ठरून जातो. मोटर मात्र वेगाप्रमाणे प्रवाह बदलत राहते. वेग कमी झाला की उलट दाब कमी आणि प्रवाह जास्त. वेग शून्य झाला, म्हणजे पंखा अडकून मोटर थांबली, की उलट दाब नाहीसा होतो आणि ते ७२ अँपिअर खरोखरच वाहू लागतात, निदान बॅटरी देऊ शकेल तितके तरी.

विजेवर चालणारी पहिली नाव माणसे घेऊन फिरली, ती १८३८ साली. सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीत मोरिट्झ याकोबी याने जस्ताच्या घटांवर चालणारी मोटर एका नावेत बसवून डझनभर माणसे तासाला सुमारे अडीच किलोमीटर वेगाने नेली. चालणारा माणूससुद्धा त्या नावेला मागे टाकील. पण बॅटरीवर नाव चालते हे त्याने दाखवून दिले. ज्याच्या नावाचा नियम आपण वर पाहिला, तो लेंट्झ त्याच शहरात राहणारा आणि याकोबीबरोबर विद्युतचुंबकांवर काम केलेला. पुढे ६० वर्षांनी, १८९८ साली, निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक होडी तारेशिवाय फिरवून दाखवली. म्हणजे तुमच्या रेडिओ-नियंत्रित होडीची ती पणजीच. तिच्यातही मोटर, सुकाणू आणि बॅटरी होतीच. आणि आज, २०१७ सालापासून, केरळात वैकम येथे 'आदित्य' नावाची ७५ प्रवाशांची नौका सौर ऊर्जेवर व बॅटरीवर ये-जा करते आहे. या साऱ्या नावांना एकच हिशेब लागू आहे. पाणी पंख्याला किती अडवते, त्यावर बॅटरीतून किती प्रवाह निघेल हे ठरते.

तेव्हा आता आपली मोटर पाण्यात उतरवू.

आपली मोटर मोकळी असताना मिनिटाला २१,००० फेरे घेते असे धरू. उलट दाब ७ व्होल्ट आहे, म्हणजे दर व्होल्टला ३,००० फेरे. तिच्या दांड्यावर ३० मिलिमीटर व्यासाचा पंखा बसवला आणि होडी पाण्यात सोडली, तेव्हा तिने १२ अँपिअर घेतले असे समजा. गुंडाळीत १.२ व्होल्ट खर्च झाले, उलट दाब ६ व्होल्ट राहिला, म्हणून वेग १८,००० फेरे. या १२ अँपिअरपैकी दोन मोटरीच्या स्वतःच्या घर्षणापायी गेले. पंखा फिरवण्याच्या कामी आले दहा. दहा गुणिले ६ व्होल्ट, म्हणजे ६० वॉट शक्ती पंख्याला मिळाली. बॅटरीने दिली १२ गुणिले ७.२, म्हणजे ८६ वॉट. ठीक आहे, वाईट नाही.

आता होडी हळू वाटते म्हणून तुम्ही ३५ मिलिमीटरचा पंखा आणता. फक्त पाच मिलिमीटरने मोठा! दिसायला जवळजवळ तोच. पण पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा नियम फार कडक आहे. एकाच घडणीचे पंखे घेतले, तर ते फिरवायला लागणारे पीळबळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. पाचव्या घाताच्या! ३५ भागिले ३० याचा पाचवा घात करून पाहा. २.१६ येतो. म्हणजे त्याच वेगाने फिरवायचे, तर दुपटीहून जास्त पीळबळ हवे. मोटरीत पीळबळ आणि प्रवाह यांचे प्रमाण सरळ असते, म्हणून प्रवाहही तितकाच वाढू पाहतो. मोटर दबते, वेग थोडा उतरतो आणि नवा समतोल साधतो. हिशेब केला, तर प्रवाह सुमारे १९ अँपिअर आणि वेग १६,००० च्या आतबाहेर येतो. वेगासाठीचे एक समीकरण आणि प्रवाहासाठीचे एक, अशी दोन समीकरणे सोडवायची आहेत. दहावीच्या विद्यार्थ्याला ते अवघड नाही. अंदाज घेऊन आकडे घालत गेलात तरी चार पायऱ्यांत उत्तर येते. ४० मिलिमीटरचा पंखा लावला, तर प्रवाह जातो २६ अँपिअरवर आणि वेग उतरतो १३,७०० फेऱ्यांवर.

या आकड्यांतून जे दिसते, त्याकडे माझ्या मते प्रत्येक होडी करणाऱ्याने नीट पाहिले पाहिजे. पंखा ३० चा ४० केला, तेव्हा पंख्याला मिळणारी शक्ती ६० वॉटवरून १११ वॉटवर गेली. दुप्पटही नाही. पण गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती १४ वॉटवरून ७० वॉटवर गेली, म्हणजे पाचपट! डाख देण्याची साधी इस्त्री २५ वॉटची असते. तिला हात लावून पाहण्याचे धाडस कोणी करत नाही. तशा जवळजवळ तीन इस्त्र्या तुम्ही अंगठ्याएवढ्या नळकांड्यात कोंडल्या, आणि वर ते नळकांडे होडीच्या बंद पोटात ठेवले, जिथे वारा लागत नाही. मोटर जळाली तर नवल कसले? खरे नवल हे की मुले मोटरीला दोष देतात.

व्होल्ट वाढवण्याचेही तसेच आहे. "७.२ ऐवजी ९.६ ची बॅटरी लाव, पळेल" असा सल्ला सर्रास दिला जातो. होडी पळते हे खरे. पण त्याच ३० मिलिमीटरच्या पंख्याने आता सुमारे साडेअठरा अँपिअर ओढले. दाब एक-तृतीयांशाने वाढवला आणि बॅटरीतून निघणारी शक्ती ८६ वॉटवरून १७८ वॉटवर गेली. सल्ला देणारा हा दुसरा आकडा सांगत नाही, कारण त्याने तो मोजलेलाच नसतो.

आणि एवढी शक्ती ओतून होडी खरोखर किती पळते? इथे पाण्याचा आणखी एक नियम आडवा येतो. टगबोट, मालवाहू जहाज, मचवा अशा आकाराची होडी पाणी बाजूला सारत चालते. चालताना ती स्वतःच लाट उठवते आणि वेग वाढला की त्या लाटेची लांबी वाढत जाते. लाटेची लांबी होडीच्या लांबीइतकी झाली, की होडी स्वतःच्याच लाटेच्या दोन शिखरांमध्ये अडकल्यासारखी होते. नाक वर, शेपूट खाली. त्यापुढे कितीही शक्ती दिली, तरी ती लाट मोठी करण्यात जाते. हा वेग काढायचा तर होडीची मीटरमधील लांबी घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि १.२५ ने गुणा. सेकंदाला किती मीटर ते मिळेल. ६० सेंटिमीटर लांबीच्या होडीला हा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर येतो. सपाट बुडाच्या शर्यतीच्या होड्या पाण्यावर उचलल्या जाऊन या फासातून सुटतात. पण गोल बुडाची टगबोट सुटत नाही. अशा टगबोटीत ४० मिलिमीटरचा पंखा आणि २६ अँपिअर म्हणजे निव्वळ पाणी ढवळण्याचा उद्योग. माझा सरळ सल्ला असा, की अशा होडीला मोठी बॅटरी देण्यापेक्षा हळू फिरणारी मोटर, किंवा दातेरी चाके घालून वेग उतरवलेली मोटर द्यावी. मोठा पंखा सावकाश फिरला तर चालतो. मोठा पंखा १८,००० फेऱ्यांनी फिरवायचा हट्ट धरू नये.

आतापर्यंत आपण सुरळीत चालणाऱ्या होडीचा विचार केला. पण आपल्याकडची तळी कशी असतात हे तुम्हांला ठाऊक आहेच. शेवाळ, जलपर्णीची मुळे, प्लास्टिकच्या पिशव्या, गणपतीनंतर तर सुतळीसुद्धा! पंख्यात असे काही गुंतले, की मोटर थांबते. होडी दूर असते, काय झाले ते काठावरून कळत नाही, आणि आपण नियंत्रकाची कळ आणखी पुढे रेटतो. त्या क्षणी उलट दाब शून्य. ७.२ व्होल्ट गुणिले ७२ अँपिअर, म्हणजे पाचशेवर वॉट, आणि ती सारी उष्णता, काम शून्य. बॅटरीचा स्वतःचा रोध धरला तर आकडा थोडा कमी येईल, पण काही सेकंदांत गुंडाळीवरचे लाखेचे आवरण जाळायला तो पुरेसा आहे.

जुन्या काळी यात निदान एक दिलासा होता. कोरड्या सेलचा अंतर्गत रोध बराच असे, त्यामुळे फार मोठा प्रवाह देणे त्यांना जमतच नसे. आजच्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्यांचा अंतर्गत रोध अतिशय कमी असतो. त्या वजनाला हलक्या, म्हणून होडीला उत्तम. पण दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर त्यांतून शंभराच्या वर अँपिअर सहज वाहू शकतात. तारा लाल होतात, आणि बॅटरी स्वतः फुगून पेट घेऊ शकते. हे तुम्हांला घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण अशी बॅटरी फ्यूजशिवाय होडीत घालणे हा निव्वळ अविचार आहे, आणि तो मी कित्येक सुंदर रंगवलेल्या होड्यांत पाहिलेला आहे. रंगाला आठ दिवस दिलेले असतात. फ्यूजला पाच मिनिटे मिळत नाहीत.

फ्यूज कुठे मिळतो? मोटरसायकलचे सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याही दुकानात. चपट्या पात्याचे ते छोटे फ्यूज रंगावरून ओळखता येतात. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. बॅटरीच्या धन टोकापासून जितका जवळ बसवता येईल तितका जवळ बसवा, म्हणजे पुढे कुठेही तार घासली गेली तरी तो मध्ये येईल. कोणता रंग घ्यायचा? होडीचा नेहमीचा प्रवाह माहीत असेल, तरच हे सांगता येईल. १२ अँपिअर घेणाऱ्या होडीला १५ चा निळा योग्य. आकडा ठाऊक नसला की मुले बिनधास्त ३० चा हिरवा लावतात आणि तो कधीच वितळत नाही. त्याऐवजी मोटर वितळते.

म्हणजे फिरून आपण मोजण्यापाशीच आलो. मोजायचे कसे? इथे अनेक शिक्षक म्हणतील, की प्रयोगशाळेतला अँमीटर तीन अँपिअरपर्यंतच जातो आणि तोही कुलपात असतो. स्वस्त मल्टिमीटरवर १० अँपिअरचे भोक असते खरे, पण पुष्कळ मल्टिमीटरांत त्या भोकामागे फ्यूज नसतो आणि काही सेकंदांहून जास्त वेळ तो प्रवाह त्यांना सोसत नाही. आपल्या होडीने १९ अँपिअर ओढले तर मीटरच जायचा.

यावर एक साधा उपाय आहे. तांब्याची एक चौरस मिलिमीटर छेदाची, घरातल्या वायरिंगला वापरतात तशी तार घ्या. अशा एक मीटर तारेचा रोध साधारण ०.०१७२ ओहम असतो. तेव्हा ५८ सेंटिमीटर तारेचा रोध झाला ०.०१ ओहम. ही तार बॅटरी आणि मोटर यांच्या मधल्या मार्गात जोडा. तारेवर बरोबर ५८ सेंटिमीटर अंतरावर दोन ठिकाणी आवरण सोलून दोन बारीक तारा डाखाने जोडा आणि त्या मल्टिमीटरच्या २०० मिलिव्होल्टच्या जागी द्या. १० अँपिअर वाहत असतील, तर मीटर १०० मिलिव्होल्ट दाखवील. म्हणजे मीटरवरच्या आकड्याला दहाने भागले की अँपिअर मिळाले, आणि २०० मिलिव्होल्टपर्यंत म्हणजे २० अँपिअरपर्यंत मोजता आले. मीटरमधून मोठा प्रवाह जातच नाही, त्यामुळे तो सुखरूप राहतो. मात्र दोन बारीक तारा मुख्य जोडांच्या आतल्या बाजूला, तारेच्या अंगावरच जोडलेल्या असाव्यात. नाहीतर जोडाचा रोधही मोजला जाईल आणि अशा मापनात तोच तारेहून मोठा ठरायचा. तार जास्त वेळ तापू देऊ नका, कारण तांबे तापले की त्याचा रोध वाढतो. पाच-सात सेकंदांत आकडा टिपून कळ मागे घ्या.

दुकानातली तार सांगितलेल्या जाडीची असतेच असे नाही. म्हणून एकदा पडताळा घ्यावा. मोटरसायकलचा १२ व्होल्ट ३५ वॉटचा दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर जवळपास तीन अँपिअर घेतो. तो दिवा, मल्टिमीटरचे अँपिअरचे भोक आणि आपली तार एकापुढे एक जोडून प्रवाह टिपा. मग तोच मल्टिमीटर काढून तारेवरचे मिलिव्होल्ट टिपा. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर तारेची लांबी त्या प्रमाणात कमी-जास्त करा. एका तासाचे काम आहे, आणि त्या एका तासात ओहमचा नियम, विशिष्ट रोध आणि मापनातली चूक हे तिन्ही धडे हाताखालून जातात. फळ्यावर त्यांना किती तास लागतात ते शिक्षकांनीच सांगावे.

होडी टबात धरून ठेवून मोजली तरी चालेल. बांधलेल्या होडीचा पंखा जागच्या जागी पाणी ढकलत असतो. मोकळ्या होडीत तो पुढे सरकत असल्याने सहसा थोडा हलका फिरतो. म्हणून टबातला आकडा तळ्यातल्या आकड्यापेक्षा बहुधा मोठाच येतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे बरेच आहे. टेबलावर, हवेत फिरवून घेतलेला आकडा मात्र कोणी सांगू नये. आपल्या उदाहरणात हवेत दोन अँपिअर आणि पाण्यात बारा होते. एकावरून दुसरा कधीच कळला नसता. आणखी एक खबरदारी. मापन कळ पूर्ण पुढे असतानाच करा. इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक मोटरीला जोडणे-तोडणे सेकंदाला हजारो वेळा करून वेग कमी करतो. अर्ध्या वेगावर बॅटरीच्या तारेतला प्रवाह आणि मोटरीच्या तारेतला प्रवाह सारखे नसतात. मोटरीतला जास्त असतो. बॅटरीच्या बाजूला लहान आकडा पाहून मोटर सुखात आहे असे समजू नये.

आकडा हाती आला की दुसरा एक प्रश्नही सुटतो, होडी किती वेळ चालेल हा. बॅटरीवर ३,००० मिलिअँपिअर-तास लिहिले असेल, तर १२ अँपिअरने ती पंधरा मिनिटे पुरेल, २६ अँपिअरने सात मिनिटेही नाही. शिशाच्या बॅटरीला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. तिच्यावर लिहिलेली क्षमता बहुधा वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारी असते. ७ अँपिअर-तासाच्या अशा बॅटरीतून ७ अँपिअर ओढले, तर तास भरत नाही. अर्ध्या-पाऊण तासात ती बसते. मोठा प्रवाह ओढला की हाती कमी येते, हे प्यूकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ सालीच दाखवले आहे.

काही जण म्हणतील, एवढे कशाला? संचाबरोबर सूचनापत्रक येते. त्यात सांगितलेला पंखा लावावा, सांगितलेली बॅटरी घालावी आणि खेळावे. मुलांनी खेळूही नये का? जरूर खेळावे. पण संच विकत आणून जोडलेली होडी विज्ञान प्रदर्शनात मांडायची, आणि आत काय चालले आहे याचा एकही आकडा सांगता यायचा नाही, हे मला पटत नाही. शिवाय सूचनापत्रकातला पंखा एकदा तुटतोच. मग गावात जो मिळेल तो लावला जातो, आणि पाचव्या घाताचा नियम आपले काम करतो. दुसरी एक हरकत अधिक खरी आहे. अशा मोजमापाला पैसे लागतात, आणि सगळ्या शाळांकडे ते नसतात. म्हणूनच वर तारेची युक्ती सांगितली. तीही न जमली, तर दोन मिनिटे होडी चालवून मोटरीच्या पत्र्याला बोट लावून पाहावे. बोट तीन-चार सेकंद टिकत नसेल, तर पंखा लहान करावा. हे मोजमाप नव्हे, पण अजिबात काही न करण्यापेक्षा बरे.

खरी अडचण मला परीक्षकांची वाटते. होडीपाशी आलेले परीक्षक विचारतात, "किती लांबवर जाते? किती खर्च आला?" मुले त्याच प्रश्नांची उत्तरे पाठ करून येतात. त्यांनी एकदा विचारून पाहावे, की पूर्ण वेगात ही होडी किती प्रवाह घेते, पंखा अडवला तर किती घेईल, आणि फ्यूज कुठे आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोजून, दुसऱ्याचे हिशेबाने आणि तिसऱ्याचे बोट दाखवून देता आले पाहिजे. दुसऱ्या प्रश्नासाठी पंखा प्रत्यक्ष अडवून दाखवा असे मात्र कोणी सांगू नये. एखाद्या विद्यार्थ्याने प्रवाह हिशेबाने १९ काढला आणि मोजल्यावर १६ भरला, तर त्याचे गुण कापू नयेत. बॅटरीचा अंतर्गत रोध आपण सुरुवातीलाच सोडून दिला होता. तो किती असावा, हे त्या तीन अँपिअरच्या फरकावरून काढता येते का, असे त्याला विचारावे.